सरळ रोप

एक कुंडी मांडीवर आणि दुसरी पायांशी घट्ट धरून आई प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसली होती.

"टेबलावर ठेव ना," लेक म्हणाली.

"ठेवते. आधी नक्की काय करणार ते सांग."

लेकीने बुरशीची काचेची थाळी पुढे सरकवली. लिंबाच्या बागा एकामागून एक शेंड्याकडून वाळत चालल्या होत्या आणि प्रत्येक वाळक्या फांदीतून ही काळपट बुरशी निघत होती. पण जागेवर सापडला म्हणून कुणी चोर ठरत नाही. निरोगी रोपाला ती टोचायची. रोप तसंच वाळलं आणि त्यातून पुन्हा तीच निघाली, तरच गुन्हा सिद्ध. तोवर औषध, छाटणी, सगळं अंदाजपंचे.

लिंबाची ही जात बाबांनी तयार केलेली. तिची निरोगी रोपं आता दोनच उरली होती, बागांपासून लांब, आईच्या गॅलरीत. शेवटच्या आजारपणात थरथरत्या हातांनी त्यांनी ती कलमं बांधली. आई फांदी धरून उभी असायची आणि ते म्हणायचे, "श्वास हळू घे, कलम घाबरतं." त्यातलं एक वाकडं वाढलं, तेव्हा म्हणाले, "हे तुझ्यावर गेलंय."

"एकाला बुरशी," लेक खाली बघत म्हणाली. "दुसऱ्यालाही तसाच काप, पण बुरशीशिवाय. म्हणजे कापाने रोप मरत नाही, हे कळेल. बुरशीला वाकडं घेऊ या का? नाहीतरी..."

आईने वाकडी कुंडी मागे ओढली.

"वेडी आहेस का? वाकडं वाळलं तर लोक म्हणतील, मुळातच मरतुकडं होतं. सरळ घे."

काप घेताना फांदी तिनेच धरली. लेकीचा हात एकदा अडखळला.

"आटप गं," आई म्हणाली.

सहा आठवड्यांत सरळ रोप शेंड्याकडून खाली वाळत गेलं. वाकडं हिरवंगार राहिलं. लेकीने मेलेल्या फांदीतून बुरशी पुन्हा वाढवली आणि आईला बोलावून घेतलं. काय बोलून समजूत घालायची, हे लेकीने आई येईपर्यंत दोनदा मनात घोकलं होतं.

आईने चष्मा काढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तपकिरी, लांबट बीजाणू. प्रत्येकावर बारीक उभ्या रेघा.

"हीच, आई."

आईने बाजूचा स्क्रू हळूच फिरवून रेघा आणखी स्पष्ट केल्या.

"किती देखणी आहे गं, मेली," ती शेवटी म्हणाली. "तुझे बाबा असते, तर आज जेवायला घरी आले नसते."

तिने नजर काढली नाही. लेक बाजूला थांबून राहिली.