भिंतीवरचा फोकस

बागेतली फुलं कोण चोरतं, हे रेणुकादासांना दिवाळीपासून ठाऊक होतं. सौदामिनीबाईंना ते कळू नये एवढ्याच एका कामासाठी ते सध्या जगत होते म्हटलं तरी चालेल. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग लागतोच.

लातूरच्या एका कॉलनीत त्यांचं बैठं घर होतं आणि घरापुढं बाग. घर दोघांचं असलं तरी बाग सौदामिनीबाईंची. कण्हेर, तगर, दारातला प्राजक्त आणि भिंतीला लागून पांढरी दुहेरी जास्वंद. या जास्वंदीची फांदी त्यांनी नांदेडहून आणली होती. मुलगा आलोक तिथं नोकरीला, त्याच्या घरमालकिणीकडून मागून घेतलेली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीत मांडीवर धरून आणलेली. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की त्या झाडाला हात लावत नसत, दुसऱ्यालाही लावू देत नसत. फक्त उद्या उमलणाऱ्या कळ्यांवरून एक नजर फिरवत आणि कोणती देवीला, कोणती गणपतीला हे मनात ठरवून झोपत. सकाळी आंघोळ करून परडी घेऊन बाहेर यावं तर भिंतीकडच्या फांद्या ओक्याबोक्या.

आता प्रत्येक कॉलनीत पहाटे फिरणारी काही मंडळी अशी असतातच, की ज्यांच्या खिशात घडी केलेली पिशवी असते. आरोग्य आणि पुण्य ही दोन्ही कामं ते एकाच फेरीत उरकतात. सौदामिनीबाईंचा संशय या सगळ्यांवर होता, विशेषतः शेजारच्या हणमंतरावांवर. रेणुकादास मात्र हणमंतरावांची बाजू इतक्या तावातावानं घेत, की सौदामिनीबाईंना नवल वाटे. एरवी या दोघांचं पेपरच्या पानावरूनही जमत नसे.

खरी गोष्ट अशी होती. दिवाळी नुकतीच झालेली. रेणुकादास पहाटे फिरून येत असताना त्यांना आपल्याच भिंतीपाशी एक बाई दिसल्या. उघड्या आभाळाखाली त्यांच्या हातात छत्री होती. छत्रीच्या वाकड्या मुठीनं त्यांनी जास्वंदीची फांदी खाली ओढली, फुलं खुडली, पिशवीत टाकली, फांदी हळूच सोडून दिली आणि कण्हेरीकडं मोर्चा वळवला. रेणुकादास "कोण हाय तिथं" म्हणणार, तेवढ्यात बाईंनी मान वळवली. त्या योगेश्वरीबाई होत्या. म्हणजे त्यांच्या लेकीची, देविकाची, सासू.

रेणुकादासांच्या पायाखालची जमीन सरकली. चोर त्या आणि घाम यांना. ते तसेच मागं फिरले, दुसऱ्या गल्लीनं लांबचा वळसा घालून घरी आले, आणि आल्या आल्या बायकोच्या तोंडून चोराचा उद्धार ऐकून चहा पिऊ लागले.

कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? विहीणबाईंना फुलं हवीत तर द्यावीत. पण हे म्हणणाऱ्यानं मुलीचं लग्न करून दिलेलं नसावं. देविकाच्या लग्नात विहीणबाईंना दिलेल्या साडीचा रंग त्यांना पसंत पडला नव्हता, आणि ते त्यांनी चार बायकांत बोलून दाखवलं. त्यावर सौदामिनीबाईंनी तिथल्या तिथं, "रंग तुमच्या लेकानंच निवडला हाय," असं ऐकवलं. गोष्ट खरी होती, हाच तिचा दोष. त्या एका वाक्याची किंमत देविकानं वर्षभर मोजली. माहेर चार गल्ल्यांवर, पण यायचं तर सासूच्या चेहऱ्याकडं बघून. अलीकडं कुठं ते निवळलं होतं. देविका बँकेत जाऊ लागली, तिचा डबा सासूबाई स्वतः भरू लागल्या, आणि मागच्या महिन्यात देविका आईला हसत म्हणाली होती, "आता आमचं बरं चाललंय गं." हे वाक्य रेणुकादासांनी जपून ठेवलं होतं. सौदामिनीला चोर कळला, तिनं एक वाक्य टाकलं, की लेकीचं ते बरं चाललेलं संपलं. बायकोची जीभ ते चाळीस वर्षं ओळखून होते.

विहीणबाईंचंही त्यांना कळत होतं. दिवाळीच्या आधी त्या लोकांनी जुनं घर सोडून तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथं कुंडीत एक तुळस, बाकी सगळा काँक्रीटचा कारभार. विकतच्या फुलांना शंभर जणांचे हात लागलेले, ती देवाला कशी चालणार? आणि मुलाच्या आईनं मुलीच्या आईपुढं दोन फुलांसाठी पदर पसरायचा? ते तर त्याहून चालणार नाही. त्यापेक्षा चोरी बरी, असा त्यांनी हिशेब केला असावा.

असे दिवस चालले असते. पण फाल्गुनात एका सकाळी सौदामिनीबाई परडी आपटून म्हणाल्या, "फोकस बसवायचा."

"कशाचा फोकस?"

"भिंतीवर. कुणी आलं की आपोआप भक्कन लागणारा. आलोकनं फोटो पाठवलाय. येऊ दे आता मेल्याला. सगळ्या कॉलनीला तोंड दिसू दे त्याचं."

आलोकला फोन करून दोन शब्द सुनवावेत असं रेणुकादासांना वाटलं. पण सुनवणार काय, पोरानं आईला मदतच केली होती.

संध्याकाळी दोघं राजशेखर यांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. आणि तिथं रेणुकादासांच्या अंगात एकाएकी बागेची आवड संचारली. घरातला बल्ब गेला तर आठ दिवस काळोखात बसणारा हा माणूस काउंटरवरचा प्रत्येक दिवा हातात घेऊन फिरवून बघू लागला.

"बाई सांगतात तो हा," राजशेखर म्हणाले. "सेन्सरचा. पांढरा उजेड, पावसानं बिघडत नाही. माणूस टप्प्यात आला की लागला."

"आणि कुत्रं आलं की?" रेणुकादासांनी विचारलं.

"कुत्र्यालाबी लागंल."

"बघ. म्हणजे रातभर आपली दिवाळी. झोपायचं कसं? आन् पांढरा उजेड झाडावर बरा दिसत नाही, दवाखान्यावानी वाटतं. हा बघ, हा पिवळसर. जमिनीत खोचायचा. प्राजक्ताच्या बुंध्याशी लावला की खालून वर उजेड. बंगल्यावानी दिसतं."

"चोर बंगला बघायला येत नाही," सौदामिनीबाई म्हणाल्या.

"तसं नाही गं. झाडाला रात्री हात लावू नये म्हणतीस, झोपलेलं असतं म्हणतीस. मग त्याच्या डोळ्यात असला भगभगीत उजेड मारायचा का?"

नवऱ्यानं आपलं बोलणं इतकी वर्षं ऐकलं आणि ध्यानातही ठेवलं, हे सौदामिनीबाईंना आजच कळत होतं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. रेणुकादासांनी तो पाहिला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. पण माघार घ्यायची सोय नव्हती. त्यांनी आणखी रेटा लावला: रस्त्यावर उजेड पडला तर शेजारी कुरकुरतील, पाकोळ्या जमतील, पाकोळ्यांमागं पाली येतील.

शेवटी तडजोड झाली. प्राजक्तासाठी दोन पिवळसर दिवे, जमिनीत खोचायचे. आणि भिंतीसाठी तो सेन्सरचा पांढरा फोकस. सौदामिनीबाईंनी दिवे मनापासून पसंत केले, पण फोकस काही सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी शिवप्रसाद नावाचा वायरमन येऊन सगळं जोडून गेला. सौदामिनीबाई आत त्याच्यासाठी चहा टाकायला गेल्या, तेवढी संधी साधून रेणुकादास शिडीपाशी आले. "जरा आतल्या बाजूला वळव बाबा त्याला. रस्त्यावर नको. लोकांच्या डोळ्यावर येतो."

"आत वळवला तर भिंतीपलीकडचं माणूस धरणार नाही हो हे, काका."

"न धरू दे. आपल्याला बागेपुरता पाहिजे."

शिवप्रसादनं खांदे उडवले आणि फोकस बागेकडं वळवला. रेणुकादासांचा जीव भांड्यात पडला. आता विहीणबाई भिंतीबाहेर खुशाल छत्री चालवोत, दिवा काही डोळा उघडणार नव्हता.

पण जेवताना सौदामिनीबाईंनी वाढता वाढता सांगून टाकलं, "उद्यापासून मी पहाटे व्हरांड्यात बसणार हाय. दिवा लागला आन् बघायला कुणी नसलं तर उपयोग काय?"

फोकस वळवता येतो, सौदामिनी कशी वळवायची? अंथरुणावर पडून रेणुकादासांनी शेवटी तोड काढली. तिच्या आधी उठायचं. भिंतीकडची फुलं आपणच खुडायची, पिशवीत भरून भिंतीच्या बाहेरच्या बाजूला खिळ्याला अडकवायची. विहीणबाई येतील, पिशवी दिसेल, घेऊन जातील. फांदी ओढायला नको आणि थांबायलाही नको. बेत त्यांना इतका आवडला, की त्यातली चूक त्यांना दिसलीच नाही.

पहाटे ते अनवाणी बाहेर आले. कण्हेर उरकली. जास्वंदीपाशी जाऊन त्यांनी पहिल्या फुलाला हात घातला आणि भक्कन उजेड झाला. आपण आत वळवून घेतलेला दिवा आतल्याच माणसाला धरणार, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती. गंजीफ्रॉक, लुंगी, हातात पिशवी, पिशवीत फुलं, असे ते प्रदर्शनात मांडल्यासारखे उभे राहिले.

व्हरांड्याचं दार उघडलं. बाहेरून फिरायला निघालेले हणमंतरावही थांबले. "धरला का चोर, वहिनी?" त्यांनी भिंतीवरून डोकावून विचारलं आणि चोर बघून ते खदाखदा हसले. "अरे, हे तर घरचंच गिऱ्हाईक हाय!"

सौदामिनीबाई हसल्या नाहीत. "तुम्ही?" त्या म्हणाल्या. "इतके दिवस तुम्ही नेताव फुलं?"

"हाव," रेणुकादास म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"कुणासाठी?"

देऊळ म्हणावं तर रेणुकादास देवळात जात नसत, हे कॉलनीला माहीत होतं. ते खाली बघत उभे राहिले. हणमंतरावांचं हसू ओसरलं आणि त्यांची उत्सुकता वाढली. सौदामिनीबाईंच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. आणि दिवा काही विझायला तयार नव्हता. रेणुकादास जरा हलले की तो पुन्हा नव्या दमानं टिकून राही.

"माझ्यासाठी," भिंतीपलीकडून आवाज आला.

योगेश्वरीबाई रस्त्यावर उभ्या होत्या. कधी आल्या कुणास ठाऊक. त्या पुढं आल्या, उजेडात आल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "सौदामिनीबाई, फुलं मी नेते. दिवाळीपासून. ह्यांचा काही संबंध नाही, हे नाहक माझ्यापायी बोल खायलेत. काय म्हणायचं ते मला म्हणा." साडीच्या रंगावरून वर्षभर अबोला धरणारी ही बाई, आज तिऱ्हाइतासमोर आपण होऊन मान खाली घालत होती. रेणुकादासांना वाटलं, संपलं. आता सौदामिनी बोलणार.

सौदामिनीबाईंनी आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग विहीणबाईंकडं. पायरी उतरून त्या फाटकापाशी गेल्या आणि कडी काढली.

"आत या, विहीणबाई. रस्त्यावरून हात पुरत नाही, खालच्या कळ्या तुटतात. आतून तोडा." मग हणमंतरावांकडं वळून म्हणाल्या, "तुमचं फिरणं राहिलं की हो भाऊजी." हणमंतराव निघाले.

दोघी बायका जास्वंदीपाशी गेल्या. एकीनं फांदी वाकवून धरली, दुसरीनं फुलं खुडली. बोलणं फार झालं नाही. "ही दुहेरी कुठली?" "नांदेडची. पावसाळ्यात फांदी देते, कुंडीतबी येती." तेवढंच. जाताना योगेश्वरीबाईंनी फाटकाशी थांबून सौदामिनीबाईंचा हात हातात घेतला, दाबला आणि निघून गेल्या.

रेणुकादासांना हायसं वाटलं. इतकं हायसं, की ते चहाची वाट बघत व्हरांड्यात बसले. चहा आला नाही. ते आत गेले. सौदामिनीबाई ओट्यापाशी उभ्या होत्या, गॅस पेटवलेला नव्हता.

"चार फुलांपायी मी लेकीचा संसार मोडंन, असं वाटलं तुम्हाला?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

खोटं बोलण्यातली त्यांची सगळी हुशारी पहाटेच संपली होती. "वाटलं," ते म्हणाले.

सौदामिनीबाईंनी पदरानं डोळे पुसले. "खरं हाय. माझी जीभ मला मालूम नाही का? मी रागावलेच असते. दिवसभर घर डोक्यावर घेतलं असतं, त्यांच्या सात पिढ्या काढल्या असत्या, तुमच्यापुढं, इथं, ह्याच ओट्यापाशी. आन् दुसऱ्या दिवशी परडी भरून मीच त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर गेले असते." त्या वळल्या. "लग्नापासून तुम्ही माझा रागाचा पहिलाच दिवस धरून चालताव. तो दुसरा दिवस मला कधी येऊच दिला नाही तुम्ही."

रेणुकादास उंबऱ्यापाशी उभे राहिले.