कडू चटणीचं वर्ष

मित्रांनो, माझ्या काळ्या रंगाला हसू नका. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. माझा जन्म कोडोलीच्या लोहाराकडं झाला. जोतिबाच्या यात्रेत बायडाबाईंनी मला वाजवून, उलटीपालटी करून, भरपूर घासाघीस करून घेतलं आणि शिवाजी पेठेतल्या घरी आणलं. उन्हाळा लागला की वर्षाच्या कांदा-लसूण चटणीचा मसाला माझ्यातच भाजायचा आणि मग गिरणीतल्या डंकावर कांडून आणायचा, अशी रीतच पडली. गल्लीतल्या बायका मला मागून न्यायच्या. मीही जरा तोऱ्यातच असायचे.

मग अनुजा या घरात सून म्हणून आली. पोरगी मनानं मोठी, हातानं चपळ, पण एक काम घेतलं की तिचं मन दुसऱ्याच कामाकडं पळायचं. पहिल्याच उन्हाळ्यात खोबरं भाजताना ती कोथिंबीर निवडायला उठली. तिथून गच्चीवर मिरच्या हलवायला गेली आणि शेजारच्या मांजरीची पिल्लं बघत बसली. इकडं माझ्यात खोबऱ्याचा कोळसा झाला. "एवढं खोबरं टाकायचं व्हय?" म्हणत बायडाबाईंनी ते तसंच मसाल्यात मिसळलं. सगळी चटणी कडू झाली.

मग वर्षभर जेवणाच्या ताटावर तेच. "खुळ्या सुनंची चटणी हाय, जपून खावा!" असं कुणीतरी म्हणायचं आणि तिचा नवरा धैर्यशीलही हसायचा. अनुजाही हसायची, पण पाठ वळली की तिचा चेहरा मला दिसायचा. हळूहळू कुणी काही सांगायच्या आधीच ती म्हणू लागली, "मला न्हाय जमत." गाडी चालवणं सुटलं, बँकेत एकटीनं जाणं सुटलं. भाजीत मीठ किती घालू, हेसुद्धा ती सासूला विचारू लागली. बायडाबाई स्वतःच दुसऱ्या कढईत मसाला भाजू लागल्या आणि मला अवलक्षणी ठरवून स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकलं. तिथं मला गंज चढला.

वर्षं गेली. अनुजाच्या लेकीचं, प्रियदर्शनीचं, शाळेत लक्ष लागेना, म्हणून तिला डॉक्टरांकडं नेलं. लेकीबद्दल विचारलेला एकेक प्रश्न अनुजाला आपलाच वाटला, म्हणून तिनं स्वतःचीही तपासणी करून घेतली. त्या संध्याकाळी ती सासूला काय म्हणाली, ते मी माळ्यावरून ऐकलं.

"आत्ती, मी आळशी न्हाय, खुळीबी न्हाय. ह्याला एडीएचडी म्हणत्यात. माझं लक्ष एका जाग्यावर टिकत न्हाय, पण त्याला उपाय हाय."

औषध सुरू झालं. तरी ते "मला न्हाय जमत" काही तिच्या तोंडातून जाईना.

यंदा ऐन मार्चात बायडाबाई घसरून पडल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. "औंदा चटणी इकतच आणूया," त्या म्हणाल्या. अनुजानं तोंड उघडलं. पुढचं वाक्य मला पाठ होतं. पण ती थबकली आणि म्हणाली, "मी भाजते." तिनं मला खाली काढलं, विटेच्या तुकड्यानं खसाखसा घासलं आणि तेल चोळलं.

मित्रांनो, तिची पद्धत तुम्ही बघायला हवी होती! फोन दुसऱ्या खोलीत. सगळं सामान आधीच ताटांत काढलेलं. सासूला तिनं समोर पाटावर बसवलं. "काय करू नका, नुसतं बसा. समोर कोण असलं की माझं मन पळत न्हाय." आणि माझ्यात जे असेल त्याचं नाव ती मोठ्यानं घेत राहिली, "धणं, धणं, धणं." बायडाबाईंना आधी हसू आलं, मग त्याही सूर मिसळू लागल्या.

खोबऱ्याची पाळी आली आणि नेमकी दारातून कुणीतरी हाक मारली. ती बघायला गेली आणि परत येईपर्यंत, प्लास्टरचा हात सावरत बायडाबाई पाटावरून उठेपर्यंत, खोबरं काळं! मला धस्सच झालं. बायडाबाई सवयीनं बोलून गेल्या, "ऱ्हाऊ दे, मिसळ त्यातच."

अनुजानं गॅस बंद केला. "न्हाय आत्ती. खोबरं करपलंय, मी न्हाय."

तिनं ते सगळं बाहेर ओतलं, मला पुसलं, दाराला कडी घातली, नवं खोबरं किसलं आणि पुन्हा गॅस पेटवला. "खोबरं, खोबरं..." आवाज कापत होता, पण थांबला नाही. माझा जन्म आगीवर गेला, तरी एवढी धीराची बाई मी पाहिलेली नाही.

चटणी झाली झकास, जरा तिखटच. दोन दिवसांनी शेजारची निशिगंधा मला मागायला आली. "अनुजा, भाजाय तूबी येतीस का गं? मला अंदाजच येत न्हाय."

बायडाबाई सुनेकडं बघत राहिल्या.

"येते की!" अनुजा म्हणाली आणि मला काखोटीला मारून निघालीसुद्धा.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी कुणीतरी असेल, चुकून चुकून घाबरलेली. ती पुन्हा गॅस पेटवायला आली, तर तिच्या हातातलं उलथनं काढून घेऊ नका. समोर पाट टाका आणि नुसते बसा.