नखांमधली फट

डॉक्टर सोमलिंगचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखायचं. डॉक्टरला हे दुखणं शोभत नाही, पण होतं. तीस वर्षं मी कळंबात छातीवर बोटं वाजवून रोग सांगितले. डावं बोट छातीवर टेकवायचं, उजव्यानं त्यावर ठोकायचं. घुमलं तर आत हवा, बद्द वाजलं तर पाणी. दुष्काळात लोक गल्लीतल्या टाकीत पाणी किती उरलंय तेसुद्धा मलाच वाजवून सांगायला लावायचे.

मग १९८३ साली आमच्या सहकारी सोसायटीनं दवाखाना काढला, त्यात एक्स-रेचं मशीन आणलं आणि मशीनवर हा अडतीस वर्षांचा सोमलिंग आणला. झालं, माझ्या बाकड्यावर माश्या बसू लागल्या. फोटो धुवायला पाणी लागतं आणि नळाला तर थेंब नाही, म्हणून पेशंट घरून घागर घेऊन जायचे. टँकरपाशी भांडून मिळवलेली घागर! माझ्याकडं येताना कधी लिंबूसुद्धा न आणणारी कडूबाई डोक्यावर घागर घेऊन माझ्याच दारावरून निघाली, तेव्हा मला राहवलं नाही.

"काय गं, माझ्या बोटांवर इस्वास न्हाय का?"

"हाय की डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "पर त्या फोटूत समद्यास्नी दिसतंय. तुमचं तुमालाच ऐकू येतंय."

आठवडाभर झोंबत राहिलं ते.

पुढच्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी सोसायटीची सभा भरली. ठराव होता, दवाखान्याला फोटो धुण्यासाठी पाण्याची स्वतंत्र टाकी. सोमलिंग माझ्या पुढच्याच रांगेत बसला होता. "मंजूर असणारांनी हात वर करा," चेअरमन तात्याराव म्हणाले. त्याचा हात वर गेला तो नेमका माझ्या डोळ्यांसमोर, आणि मला त्याची बोटं दिसली. शेंडे ढोलाच्या टिपरीसारखे जाड, नखं पालथ्या वाटीसारखी फुगलेली. बोटं अशी व्हायला बहुतेक वेळा फुप्फुसात काहीतरी घर करून बसलेलं असतं. दिवसाला वीस छात्यांचे फोटो काढणाऱ्या या माणसानं स्वतःच्या छातीचा काही काढला नव्हता.

सांगायला हवं होतं. मी पुढं वाकलोसुद्धा. तेवढ्यात तात्यारावांनी विचारलं, "विरुद्ध कोण?" आणि माझा हात वर गेला. एकटाच. "काकांचा इरोध लिहून घ्या रं," तात्याराव म्हणाले. सगळी सभा हसली. सोमलिंगही मागं वळून हसला. मी तोंड मिटून घेतलं. म्हटलं, बघू दे की आता तुझ्या मशीनला.

ते गुपित मी दोन महिने जपलं. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागत होतं. तो रस्त्यात भेटला की मी आधी त्याच्या बोटांकडं बघायचो. तो खोकला, की घरी येऊन एक भाकरी जास्त खायचो.

दिवाळीला तो घरी आला. बोलावलं नव्हतं मी. थोरल्या डॉक्टरच्या पाया पडायचं म्हणून आपणहून आला. वाकून उठला तेवढ्यानंच त्याला धाप लागली. माझ्या बायकोनं, द्वारकानं, फराळाचं ताट पुढं केलं. त्यानं शंकरपाळं उचललं. त्या सुजल्या शेंड्यांत ते इवलंसं शंकरपाळं बघून मी हातातला लाडू ताटात परत ठेवला. लाज वाटली, मग भीती वाटली.

"हात द्या बघू," मी म्हणालो. त्याच्या दोन्ही तर्जन्या नखाला नख लावून खिडकीकडं धरल्या. निरोगी माणसाची नखं अशी जोडली की मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट राहते आणि तिच्यातून उजेड दिसतो. माझ्या नखांमधली त्याला दाखवली. त्याच्या नखांमध्ये फट नव्हती.

डॉक्टरच होता, त्याला समजवावं लागलं नाही. त्यानं नखं पुन्हा एकदा जोडून उजेडाकडं धरली.

"तुमाला कधी दिसलं, काका?"

"आत्ताच," मी म्हणालो.

त्याच दिवशी त्यानं आपल्या मशीनपुढं स्वतःची छाती लावली. उजव्या बाजूला वर लिंबाएवढा पांढरा डाग निघाला. मिरजेच्या सर्जननं सांगितलं, कॅन्सर आहे, दोन महिने आधी आला असता तर कापून काढता आलं असतं. आता नुसते लाइटचे शेक.

वर्षानं पुन्हा पोळा आला, पुन्हा सभा भरली. सोमलिंग माझ्या पुढच्या रांगेतून ठराव मांडायला उठला. अंगानं निम्मा उरला होता. दोन शब्द बोलायचा, श्वास घ्यायचा. "मी मशीनवाला... मला माझंच दिसलं नाही. काकांनी नुसत्या नजरेनं ओळखलं. सभेनं त्यांचा सत्कार करावा."

टाळ्या पडल्या. आणि देव माफ करो, तेव्हासुद्धा माझ्या पोटात दुखलं. मरायला टेकलेला हा माणूस मनानं माझ्यापेक्षा एवढा मोठा कसा?

सगळे हात वर गेले. तात्यारावांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "विरुद्ध कोण?"

मी हात वर केला.

"काकांची खोड काय जायाची न्हाय!" तात्याराव म्हणाले, आणि सभा पोट धरून हसली. सोमलिंग तेवढा हसला नाही. मागं वळून त्यानं माझ्या वर केलेल्या हाताकडं पाहिलं. मग स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून बोटांकडं पाहिलं.

"काका," तो हळूच म्हणाला, "गेल्या साली बी तुमी माझ्या मागंच बसला होता, न्हाय का?"

"व्हय," मी म्हणालो. हात खाली घेतला नाही.