सहावा ठिपका

खंडेनवमीच्या सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी प्रयोगशाळेला सहा कोपरे झाले आणि पूजेला जमलेली सहा माणसं एकेका कोपऱ्यात उभी राहिली. कोणी चालत गेलं नव्हतं.

हेमलता घुगरे खिडकीच्या कोपऱ्यात होती. तिच्या डावीकडच्या कोपऱ्यात तिचे वडील, आप्पा. निवृत्त फिटर. यंत्रातला आरसा धरणारी पितळी चौकट त्यांनीच घरच्या लेथवर कातून दिली होती, म्हणून आज ते मानाचे पाहुणे. हेमलताच्या बरोबर समोर विभागप्रमुख रणपिसे सर. उरलेल्या कोपऱ्यांत ग्रंथपाल दळवीबाई आणि दोन विद्यार्थी.

यंत्राच्या पडद्यावरही सहा ठिपके होते. मधल्या टेबलावर शीतपेटी होती. तिच्यातल्या नखाएवढ्या अर्धवाहक चकतीत लेझरचा प्रकाश आणि द्रव्य एकमेकांत मिसळून पाण्यासारखे वाहत आणि त्या प्रवाहात आपोआप सहा ठिपक्यांची नक्षी उमटे. ते रोजचंच होतं. ठिपक्यांप्रमाणे माणसं उभी राहणं नवीन होतं.

"पाय उचलत नाहीये," दळवीबाई म्हणाल्या. "मला डबा गरम करायचाय."

"पूजेच्या दिवशी हत्यार चालू ठेवलंत, मग दुसरं काय होणार?" आप्पा म्हणाले. "आमच्या कारखान्यात आज पान्यालासुद्धा सुट्टी."

"आप्पा, चकती थंड करायला तीन दिवस लागलेत. खंडेनवमी काय, दरवर्षी येते."

"तसे साहेबही दरवर्षी नवे यायचे आमच्याकडे, पण पान्याची सुट्टी कोणी मोडली नाही," आप्पा म्हणाले आणि हसत त्यांनी पूजेचं पेटतं निरांजन टेबलावर पुढे सरकवलं. त्यांचा हात तेवढा पोचत होता.

"आप्पा, तिथे नको!"

ज्योतीचा उजेड शीतपेटीच्या काचेवर पडला. लेझरपुढे तो काहीच नव्हता. पण प्रकाशाच्या या द्रवाला तेवढाही पुरतो. बाजूने आलेला एक क्षीण किरण सगळी नक्षी बदलून टाकतो. हेमलताचा प्रबंध त्यावरच होता.

दहा सत्तेचाळीसला सहाचे दोन ठिपके झाले.

खोली बोळाएवढी अरुंद झाली. एका टोकाला हेमलता, दुसऱ्या टोकाला सर, मध्ये टेबल. बाकीचे चौघे नव्हते. दळवीबाईंचा डबा होता.

"निरांजन विझव," सर म्हणाले.

"मग आप्पा येतील?"

"नक्षी कधी परत येते. कधी आहे तशीच राहते."

"दहातून किती वेळा येते?"

"मोजलंस तू. मला काय विचारतेस?"

तिने मोजलं होतं. दहातून सहा वेळा.

भिंती आता तिच्या दोन्ही खांद्यांना टेकल्या होत्या. दिवा फुंकून विझवायचा नाही, फुलाने शांत करायचा, ही आप्पांची शिस्त. फुलं सरांच्या टोकाला होती आणि सरांचा हात निरांजनापर्यंत पोचत नव्हता.

"माफ करा हं, आप्पा," ती म्हणाली आणि तिने फुंकर मारली.

अकरा वाजून चार मिनिटांनी पडद्यावर सहा ठिपके परत आले. खोलीला पुन्हा सहा कोपरे झाले. दोन्ही विद्यार्थी आले. दळवीबाई आल्या.

"कुठे होतात?" हेमलताने विचारलं.

"कुठे म्हणजे? इथेच. तुम्ही दोघंच कुठे गेला होतात?"

"आणि आप्पा?"

"होते की. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी वातीचं बघून येतो."

सरांनी लेझर बंद करू का म्हणून विचारलं. हेमलता नको म्हणाली. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नको म्हणाली.

दुपारी साडेबारापर्यंत कोणाचाही पाय उचललेला नाही. पडद्यावर सहावा ठिपका आहे, इतर पाचांपेक्षा किंचित उजळ. आप्पांच्या कोपऱ्यात कोणी नाही. हेमलता वाकून डावा हात लांबवते, तेव्हा तिथली फरशी दोन पावलांएवढ्या जागेत कोमट लागते.