बंद माइकमधले आप्पा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडक्यांच्या कट्ट्यांवरसुद्धा माणसं चढून बसली होती आणि सगळ्यांचे डोळे एका स्पीकरवर खिळले होते. थोरलीने, आप्पांच्या मोठ्या लेकीने, अकॉर्डियनवरची धून संपवली, कमरेला लावलेल्या माइकच्या डबीचं बटण बंद केलं आणि भाता मिटला. मिटताना भाता फुसफुसतो. ते माइकमधून ऐकू जाऊ नये म्हणून ती आधी बटण बंद करायची. वडिलांनीच ही सवय लावली होती. आप्पांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

आणि माइक बंद असूनही स्पीकरमधून घोगरा आवाज आला. "कन्ये... हे वाद्य माझा प्राण आहे... ते गुरुचरणी अर्पण कर, मग मला शांती लाभेल..."

लोकांच्या अंगावर काटा आला. पहिल्या रांगेत आईने हात जोडले. मंचावर श्रवणगुरूंनी डोळे मिटले. मेलेल्यांचं ऐकणं हा त्यांचा धंदा. जिवंत माणसाचं त्यांनी कधी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं.

"आत्मा शून्य कंपनाच्या द्वारातून बोलतो आहे," ते म्हणाले. म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

अकॉर्डियन गेलं तर थोरलीची शिकवणी बुडणार होती, आणि आप्पांच्या बोटांनी झिजलेल्या पट्ट्याही जाणार होत्या. आई तर द्यायला तयारच होती.

"आई, आप्पा मला कधी 'कन्ये' म्हणाले होते का गं?"

"मेल्यावर भाषा सुधारते," मागून एक काका म्हणाले.

"सुधारू दे, काका. मी आधी माइक तपासते."

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये!" गुरू गरजले.

"श्रद्धेची कुठे घेते? यंत्राची घेते."

तिने लोकांना दाखवलं: अकॉर्डियनला चिमट्याने अडकवलेले दोन माइक, त्यांचा आवाज बिनतारी पाठवणारी कमरेची डबी आणि तो पकडणारी स्पीकरवरची दुसरी डबी. मग तिने कमरेच्या डबीतली बॅटरीच काढून हातात धरली.

"कन्ये, संशय सोड..." स्पीकर बोलला.

"म्हणजे आप्पा अकॉर्डियनमध्ये नाहीत," ती म्हणाली आणि तिने स्पीकरवरच्या डबीचं चॅनल बदललं. आप्पा अर्ध्या शब्दावर गप्प झाले.

"आत्मा रुसला!" गुरू ओरडले.

तिने चॅनल परत लावलं. "...विनाश ओढवेल!" स्पीकर म्हणाला.

"गेला बघा रुसवा." कुणीतरी फिस्सकन हसलं. "माझी डबी चालू असली की तीच जवळची, म्हणून स्पीकर तिचाच आवाज पकडतो. मी बंद केली की त्याच चॅनलवर दुसरा कुणी घुसतो. तो कुठे बसलाय, ते आता स्पीकरच सांगेल."

स्पीकरला चाकं होती. तिने अकॉर्डियन खाली ठेवलं आणि ती तो मंचामागच्या पडद्याकडे ढकलू लागली.

"तिकडे नको! तो साधनाकक्ष आहे!"

माइक आणि स्पीकर जवळ आले की काय होतं, हे प्रत्येक वादकाच्या कानांना ठाऊक असतं. तसंच झालं: आधी बारीक शीळ, मग कानठळ्या बसवणारी किंचाळी. तिने पडदा ओढला. आत गुरूंचा पट्टशिष्य कॉलरचा माइक चाचपत होता. घाबरून त्याला बटणच सापडत नव्हतं.

"नास्तिक!" गुरू बोट रोखून म्हणाले. "शाप लागेल तुला!"

"लागू दे. चॅनल तेवढं सांगून ठेवा."

हशा उसळला, पण आई हसली नाही. ती मंचावर आली. "मला खरंच वाटलं गं, ते बोलले."

थोरलीने तिचा हात धरला. "पहिल्यांदा मलाही वाटलं होतं, आई. इतकं बरं वाटलं, की भीतीच वाटली. म्हणून तर तपासलं."

आईने डोळे पुसले, अकॉर्डियन उचलून लेकीच्या खांद्याला अडकवलं आणि ती लोकांकडे वळली.

"इतकी वर्षं संसार केला, तरी मी फसले. कारण मला फसायचंच होतं. तुमचंही कुणी ना कुणी गेलं असेल. उद्या त्यांच्या आवाजात कुणी काही मागितलं, तर रडा हवं तेवढं. पण आधी उठा आणि पडदा बाजूला करा."