मोठ्या चोचीची कॅनरी

हिवाळ्यातल्या वादळानं नाइटिंगेल बेटावरची निम्मी झाडं आडवी केली आणि रेपेट्टोंच्या हंगामी खोपटाचं छप्परही उडवून नेलं. वसंतात घरच्या बेटावरची बोट लागली तेव्हा थर्झा रेपेट्टो समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करायला वर गेली. धाकटा भाऊ अमोस डागडुजीला मागे राहिला. ती परतली तेव्हा खोपटामागं तग धरून राहिलेलं एकुलतं एक झाड त्यानं आढ्यासाठी पाडलं होतं.

एवढी झाडं पडलेली असताना हेच का, असं तिनं विचारलं. ती सगळी वाकडी आणि किडलेली, तो म्हणाला. या झाडावर मोठ्या कॅनरीची जोडी चरायची, हे तिनं सांगितलं. भारीट पक्ष्याला त्यांच्याकडे कॅनरीच म्हणत. अमोस हसला. त्याच्या बुटांभोवतीच चार-पाच कॅनऱ्या दाणे टिपत होत्या.

"ताई, पाय ठेवायला जागा नाही इतक्या आहेत या. एका झाडानं काय होतंय?"

"या धाकट्या. गवताचं बी खातात, हजारोंनी आहेत. मोठीची चोच या झाडाची टणक फळं फोडायलाच झालीय. असले पक्षी वादळाआधीसुद्धा शंभरेकच उरले होते. झाडं संपली तर काय तुझं कपाळ फोडून खाणार?"

अमोसनं खोड तासून घेतलं. त्यानं आढं चढवलं.

दुपारी मोठ्या कॅनऱ्यांची जोडी आली आणि आडव्या पडलेल्या शेंड्यावर बसून फळं फोडू लागली. कटकट असा आवाज येत होता. ती उडून जाईपर्यंत अमोसनं हातोडी उचलली नाही. मग त्यानं विचारलं, घरच्या बेटावरून रोपं आणून लावली तर? थर्झा नको म्हणाली. रोपांबरोबर कीड यायची. तेव्हा त्यानं त्याच शेंड्याची पिकली फळं वेचून खोपटामागं पेरली आणि भोवती दगड रचले.

दोन वर्षांनी त्यातली काही रोपं गुडघ्याला लागली होती. फळं धरायला अजून बराच अवकाश होता. त्या खेपेला मोठी कॅनरी खोपटाकडे फिरकली नाही. वरच्या झाडीत एक नर दिसला, असं शेजारच्या खोपटातल्यांनी सांगितलं. थर्झा बघायला गेली, तिला दिसला नाही. अमोस रोपांवर चढलेलं गवत उपटत होता.