गाठ दाखवा

मेढ्याचा आकाराम ताकसुद्धा फुंकून प्यायचा. रेशनची साखर तो घरी आणून पुन्हा तोलायचा, अन् सख्ख्या मामाकडनं बैल घेतानाही त्यानं बैलाचे दात मोजले होते. बायकोच्या, रंगूबाईच्या, पोटात गाठ झाली तेव्हा वैद्याचा काढा आधी त्यानं स्वतः चाखला, मग तिला दिला. काढ्यानं गुण येईना, म्हणून शेवटी तिला मिरजेच्या दवाखान्यात आणलं.

ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटेवरच्या बाईची गाठ डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला पांढऱ्या बशीत घालून दाखवली होती. आकारामला मात्र कुणी बोलावलंच नाही. त्याचं डोकं फिरलं. त्यानं डॉक्टरांना व्हरांड्यातच अडवलं.

"गाठ दाखवा. बघितल्याबिगर म्या हलायचा न्हाई! पोट उघडलंसा, का नुसतं वरवर चिरून ठेवलंसा?"

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "उघडलं होतं. पण कॅन्सर सगळ्या पोटात पसरलाय. काढता येण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तसंच शिवलं. आता त्यांना घरी न्या."

आकाराम डॉक्टरांच्या वाटेतनं बाजूला झाला अन् रंगूबाईच्या खाटेपाशी जाऊन बसला.

संध्याकाळी रंगूबाई शुद्धीवर आली. "काढली का वो गाठ?"

"काढली की." त्यानं मूठ वळून दाखवली. "एवढी हुती."

"तुमी सोता बघितलीसा?"

"व्हय. बशीत."

रंगूबाईनं सुस्कारा सोडला अन् डोळे मिटले.

"मग निघालीच. बघितल्याबिगर तुमी कवा कशाला व्हय म्हनलाय?"